ऐकतात किती जण? पोस्टकार्डापासून डाउनलोडपर्यंत

पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला जाहिरातदार पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारतो: महिन्याला ऐकतात किती जण? आकडा सांगणारी साधनं ढीगभर आहेत. काही फुकट, काही पैसे देऊन. गंमत अशी की दोन साधनं लावली की दोन वेगळे आकडे येतात. मग खरा कुठला? याचं उत्तर शोधताना मला जुन्या मुंबईची फार मदत झाली. या शहराचा जाहिरातीचा धंदा गेली पाऊणशे वर्षं हाच प्रश्न सोडवत बसलाय.

सुरुवात करू 1948 पासून. त्या वर्षी मुंबईत ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स, म्हणजे एबीसी, ही संस्था उभी राहिली. त्याआधी आपला खप किती हे छापणाराच सांगायचा आणि जाहिरातदाराने त्यावर विश्वास ठेवायचा. एबीसीने दर सहा महिन्यांनी हिशेब तपासून खपाचा दाखला द्यायला सुरुवात केली. मोठंच काम झालं. पण मोजलं काय गेलं? विकलेली प्रत. तीच प्रत घरात चार जण वाचतात, मग शेजारचे काका मागून नेतात, आणि सलूनमध्ये तर एकच पेपर दिवसभरात वीस हातांतून जातो. ही सगळी माणसं त्या दाखल्यात नसतात.

आता रेडिओ. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली, आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षाच्या शेवटी अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि विमानाने कोलंबोला जायचा. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे 9 हजार पत्रं आली, असं सयानी सांगत. पुढे आठवड्याचा आकडा कित्येक पटींनी वाढला. पत्र म्हणजे त्या काळचा लाइक! पण जो ऐकतो तो प्रत्येक जण कुठे पत्र लिहितो? त्यासाठी अक्षरओळख हवी, पोस्टकार्डाला पैसे हवेत आणि हौस हवी. झुमरीतलैया हे गाव आठवतं का? आताच्या झारखंडमधलं, अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथून रेडिओला इतकी फर्माइशी पत्रं जायची की बऱ्याच लोकांना हे नाव खोटंच वाटायचं. तिथे श्रोते फार होते म्हणून असं झालं असेल, किंवा पत्रं लिहिणारे फार होते म्हणूनही. पत्रांच्या ढिगाऱ्यावरून यातलं काहीच ठरत नाही. जो बोलतो तो मोजला जातो, जो गप्प ऐकतो तो सुटतो.

मग टीव्ही आला आणि गप्प बसणाऱ्यालाही मोजायची सोय झाली. निवडक घरांत मीटर बसवायचे आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधायचा. 2010 मध्ये बार्क ही संस्था स्थापन झाली. तिचं यंत्र हुशार आहे. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला कळणार नाही अशी खूण मिसळलेली असते. घरातला मीटर ती ओळखतो, आणि समोर कोण बसलंय हे सांगायला घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं असतं. 2020 मध्ये देशभर असे सुमारे 44 हजार मीटर होते, आणि टीव्ही असलेली घरं साधारण 20 कोटी. करा भागाकार. एक घर साडेचार हजार घरांच्या वतीने बोलत होतं!

अशा घराचा पत्ता किती मोलाचा असेल? 2001 मध्येच, तेव्हाच्या मोजणीत, मीटर लावलेल्या मुंबईतल्या घरांची गुप्त यादी फुटली होती. त्यानंतर ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्या उपनगरातल्या कांदिवली पोलीस ठाण्यात टीआरपीचा गुन्हा नोंदवला गेला. काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला सांगितलं, असा आरोप होता. मुंबईत तेव्हा सुमारे 2 हजार मीटर असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. बार्कने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. 2024 मध्ये न्यायालयाच्या परवानगीने सरकारने खटला मागे घेतला, म्हणजे आरोप सिद्ध झालेच नाहीत. तरी एक गोष्ट उरतेच. मोजणारी घरं इतकी थोडी असली की त्यांच्यापर्यंत पोचायचा मोह कोणालाही होणार.

आता इंटरनेट. इथे नमुना घ्यायची गरजच नाही, प्रत्येक क्लिक नोंदली जाते. मग प्रश्न सुटला असं वाटतं ना? सुरुवातीला ‘हिट्स’ मोजायचे. पानावर नऊ फोटो असतील तर ते पान एकदा उघडलं तरी दहा हिट्स! पुढे 2005 मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्यातून फुकटचं गूगल अॅनालिटिक्स आलं. तेव्हापासून ‘व्हिजिट’ आणि ‘व्हिजिटर’ हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले. यांतला फरक घाटकोपर स्टेशनवर छान कळतो. मेट्रोचं गेट प्रत्येक फेरी मोजतं. सकाळी गेलात, संध्याकाळी आलात, झाल्या दोन. लोकलचा पास म्हणजे एक माणूस. पण त्याने महिन्यात किती फेऱ्या मारल्या, हे पासवरून कळत नाही. इंटरनेटवर हा ‘पास’ म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली कुकी. तुम्ही फोनवर आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलंत, की तुमचे दोन पास झाले.

पॉडकास्टचं गणित आणखी वेगळं. जगभर मान्य असलेल्या नियमानुसार निदान एक मिनिटाचा आवाज उतरला तर एक डाउनलोड धरतात. आणि 24 तासांत त्याच आयपी पत्त्यावरून, त्याच प्रकारच्या अॅप आणि फोनवरून पुन्हा मागणी आली तर ती वेगळी मोजत नाहीत. आता अंधेरीतल्या एखाद्या ऑफिसचं वायफाय घ्या. तिथे सारखाच फोन आणि तेच अॅप वापरणारे तिघे ऐकत असतील, तर मोजणीत ते एकच होऊ शकतात. बोरिवली लोकलमध्ये दोन मैत्रिणी एकेक इअरफोन कानात घालून ऐकतात, त्याही एकच. उलट, आपोआप उतरलेला आणि कधीच न ऐकलेला भागही एक! सप्टेंबर 2023 मध्ये अॅपलने आयओएस 17 मध्ये आपोआप डाउनलोड कमी केले, तेव्हा कित्येक कार्यक्रमांचे आकडे घसरले. ऐकणारे कुठेही गेले नव्हते.

प्रत, पत्र, बटण, कुकी, डाउनलोड. यातलं एकही माणूस नाही, प्रत्येक ही माणसाची कुठली तरी खूण आहे. म्हणून साधन निवडताना मी तीन गोष्टी बघायला लागलो. ते नक्की काय मोजतं? कोण सुटतं? आणि मोजण्यासाठी ते श्रोत्याकडून काय घेतं?

यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोस्टकार्ड पाठवणारा आपलं नाव स्वतःहून लिहायचा. मीटरवाल्या घराला मीटर दिसायचा. तुमच्या खिशातला फोन मात्र तुम्हाला न सांगताही बरंच काही सांगू शकतो. 2023 मध्ये आपल्याकडे डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कायद्याची वाट कशाला बघायची? म्हणून मी जाहिरातदाराला दाखवायला फक्त डाउनलोडचा आकडा ठेवलाय, सोबत वरचा नियमही सांगतो. वेबसाइटसाठी मातोमो निवडलं. ते आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं आणि कुकीशिवायही चालतं. त्यामुळे माझा आकडा थोडा कच्चा येतो. परत आलेला श्रोता मला नवा वाटतो. चालेल. तुम्ही रात्री किती वाजता, कुठल्या स्टेशनच्या आसपास काय ऐकता, हे मला कळायची गरज नाही.

आणि ज्या दोघी एकाच फोनवर हे ऐकताय, त्यांना सांगतो: मी तुम्हाला दोन धरलंय. भेटू पुढच्या भागात!