जुन्या लष्करी घडणीची रायफल : साइट जुळवण्याविषयी

ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा भागांतील आपल्या काही घरांत आजोबांच्या वेळची परवान्याची रायफल आहे. अशा रायफलींत मूळच्या लष्करी ली-एनफिल्ड घडणीची, पुढे लाकूड किंवा बॅरल कापून शिकारीसाठी हलकी केलेलीही आढळते. ‘नेम धरतो तिथे गोळी लागत नाही’ ही तिची नेहमीची तक्रार. यावर घरीच कानस चालवण्याआधी सभासदांनी पुढील माहिती वाचावी, ही आमची विनंती.

फरक का पडतो?

१९०७ च्या एसएमएलई मार्क ३ रायफलीत लाकूड बॅरलच्या तोंडापर्यंत असते व बॅरल त्यात ठरावीक दाबाने बसवलेली असते. लाकूड कापले की तो दाब जातो, गोळी सुटतानाची बॅरलची थरथर बदलते आणि गोळीची जागाही बदलते. बॅरल कापल्यास फोरसाइट नव्याने बसवावी लागते. ती कललेली किंवा कमी-जास्त उंच बसू शकते. काडतूस वेगळे असेल तर बॅकसाइटच्या पट्टीवरचे अंतराचे आकडेही जुळत नाहीत.

दुरुस्तीचा नियम

बॅकसाइट जिकडे सरकवाल तिकडे गोळी सरकते. फोरसाइटचे नेमके उलटे. गोळी उजवीकडे लागत असेल तर फोरसाइट उजवीकडे सरकवावी. गोळी वर लागत असेल तर अधिक उंच फोरसाइट हवी. खाली लागत असेल तरच ती कमी करायची. कानशीने गेलेले लोखंड परत येत नाही, त्यामुळे उलटा हिशेब महागात पडतो.

किती सरकवायचे? गोळीची चूक गुणिले दोन साइटमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. दोन साइटमध्ये ५०० मिमी अंतर असेल आणि ५० मीटरवर गोळी १०० मिमी बाजूला लागत असेल, तर दुरुस्ती फक्त १ मिमीची. ली-एनफिल्डच्या तयार फोरसाइटच्या उंचीतला एकेक टप्पा ०.०१५ इंचाचा, म्हणजे सुमारे ०.३८ मिमीचा असतो, तो यामुळेच.

क्रम

१. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी : बॅरल, बोल्ट व चेंबरची बसणी, ढिले स्क्रू, लाकडातली चीर. बॅरलवरचा बोअर, परवान्यातला बोअर आणि काडतूस एकच हवे. .३१५ आणि .३०३ यांत गल्लत जिवावर बेतू शकते.

२. अधिकृत रेंजवर, रायफल टेकवून, एकाच बनावटीच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे तीन ग्रुप घ्यावेत. गोळ्या विखुरत असतील तर दोष साइटचा नाही. आधी लाकूड व बॅरल पाहावी.

३. ग्रुप घट्ट असेल तर त्याचा मध्य मोजावा. आधी आडवी चूक काढावी, मग उंचीची.

४. तारीख, अंतर, काडतूस व केलेला बदल वहीत नोंदवावा. काढलेली मूळ फोरसाइट जपून ठेवावी.

कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो. बॅरल आखूड करण्यासाठी कलम ६ नुसार वेगळा. आपला परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, दुरुस्तीचा नव्हे. म्हणून मोजमाप व नोंद आपण करावी, हत्यार मात्र कारागिरानेच चालवावे.