आत जाणारी पत्रं

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लेखी प्रत. रेकॉर्डिंगमधले माझे "म्हणजे काय की" बरेचसे काढून टाकलेत. चार-दोन राहिले असतील तर चालवून घ्या.

आजचा विषय आहे तुरुंगातल्या माणसाला लिहिलेलं पत्र. तुरुंगातून बाहेर आलेलं नाही, बाहेरून आत गेलेलं. हा फरक मी मुद्दाम करतोय, कारण बाहेर आलेल्या पत्रांची आपल्याकडे काही कमी नाही. लोकमान्य टिळकांची मंडालेहून आलेली पत्रं छापलेली आहेत. सावरकरांची अंदमानातली पत्रं छापलेली आहेत. गांधीजी १९३० साली येरवड्यात होते तेव्हा दर मंगळवारी साबरमती आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहायचे; त्याचं पुढे 'मंगलप्रभात' झालं. नेहरूंनी तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांतून तर जगाचा इतिहासच उभा राहिला.

आता मला सांगा, या सगळ्यांना घरून जी पत्रं गेली, ती कुठे आहेत?

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो. दोन सर्व्हर एकमेकांशी बोलत असतील आणि कुठेतरी गडबड झाली, तर आम्ही दोन्हीकडचे लॉग मागवतो. एकाच बाजूचा लॉग हातात असेल तर निम्मी गोष्ट अंदाजाने जोडावी लागते. तुरुंगाच्या पत्रव्यवहाराचा आपला इतिहास असा एका बाजूचा लॉग आहे. आणि त्यामागे कुणाचा कट वगैरे नाही, कारण अगदी साधं आहे. पत्र जपतो तो ते मिळालेला माणूस. तुरुंगातून आलेलं पत्र घरी येतं, दहा जण वाचतात, मग ते ट्रंकेत, देवघराच्या कप्प्यात जपून ठेवलं जातं. घरून गेलेलं पत्र मात्र अशा माणसाकडे जातं ज्याला स्वतःचं कपाट नाही, ज्याची बराक कधीही बदलते, झडती कधीही होते. त्यामुळे लिहिणारा मोठा माणूस उरतो आणि त्याला लिहिणारी माणसं पुसली जातात. ही माणसं बहुतेक वेळा कोण? बायको, आई, वहिनी, धाकटा भाऊ, भाचा.

टिळकांचंच घ्या. २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली. आधी साबरमती, मग ब्रह्मदेशातलं मंडाले. पुण्याहून मंडालेला पत्र जायचं म्हणजे रेल्वे, मग जहाज, मग पुन्हा रेल्वे, आणि शेवटी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांचं टेबल. टिळक घरी लिहायचे त्यात घरची चौकशी असायची, कोर्टकचेरीच्या कामांच्या सूचना असायच्या आणि पुस्तकांच्या मागण्या असायच्या. आपण 'गीतारहस्य' म्हटलं की मंडालेची कोठडी आणि पेन्सिलीने लिहिलेल्या वह्या आठवतो. पण त्या कोठडीत पुस्तकं पोचवायला पुण्यात कुणीतरी यादी हातात घेऊन फिरलं, गठ्ठे बांधले, पत्ते लिहिले. ग्रंथ एकट्याच्या नावावर आहे आणि तो एकट्याचाच आहे, यात वाद नाही. पण पुण्याची ती बाजू बंद पडली असती तर लिहिणाऱ्याच्या टेबलावर काय उरलं असतं, याचा विचार करून बघा.

जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. टिळक सुटले जून १९१४ मध्ये. म्हणजे १९०८ नंतर त्या दोघांमध्ये जे काही उरलं होतं ते कागदावरचंच होतं, आणि शेवटची बातमीसुद्धा कागदावरच पोचली. टिळकांचं दुःख आपल्याला त्यांच्या पत्रांमुळे माहीत आहे. सत्यभामाबाईंची सहा वर्षांपैकी चार वर्षं कशी गेली, हे सांगणारा तसा कागद आपल्यासमोर नाही.

अंदमानात तर कोटा आणखी कडक. सेल्युलर जेलमधल्या कैद्याला घरी वर्षातून एक पत्र. वर्षातून एक! वर्षभराचं सगळं एका कागदात बसवायचं म्हणजे आधी काय गाळायचं ते ठरवावं लागतं. घरच्यांनाही तोच प्रश्न. आजारपण लिहायचं का? पैशांची ओढाताण लिहायची का? लिहिलं तर तो तिथे वर्षभर त्याच काळजीत राहणार, कारण "आता बरं आहे" हे सांगणारं पुढचं पत्र बारा महिन्यांनी. नाही लिहिलं तर खोटं बोलल्यासारखं. बाबाराव सावरकरांच्या पत्नी, घरात ज्यांना येसूवहिनी म्हणत, नवऱ्याची भेट न होताच गेल्या. राजकारणावरून आपण सावरकरांबद्दल हवं तेवढं भांडू, त्यासाठी वेगळा भाग करू. पण वर्षाला एक कागद या हिशोबाने संसार केलेल्या त्या बाईचा उल्लेख त्या भांडणात दोन्हीकडून होत नाही, एवढंच आज नोंदवतो.

आता जरा बाहेरचं उदाहरण, कारण तुरुंगाचा पत्रांवरचा ताबा कसा चालतो हे तिथे फार स्पष्ट दिसतं. नेल्सन मंडेला १९६४ साली रॉबेन बेटावर आले तेव्हा सगळ्यात खालच्या वर्गाच्या कैद्याला सहा महिन्यांत एक भेट आणि पाचशे शब्दांचं एक पत्र, तेही जवळच्या नातेवाइकांनाच. आलेली पत्रं तपासली जायची. सुरुवातीला अधिकारी नको असलेल्या ओळींवर शाई फासायचे. कैद्यांनी ती शाई धुऊन खालचं वाचायची युक्ती काढली. मग अधिकाऱ्यांनी ब्लेड घेतलं आणि ओळी कापूनच टाकायला लागले. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं असायचं, त्यामुळे एका बाजूची ओळ कापली की मागची निरपराध ओळही जायची. मंडेला 'लाँग वॉक टू फ्रीडम'मध्ये लिहितात की विनीचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यात मायन्यापलीकडे फारसं काही शिल्लक नव्हतं.

आणि तरी पत्रांची वाट बघणं थांबलं नाही. मंडेला आपल्या पत्रांच्या नकला वह्यांमध्ये उतरवून ठेवायचे. आमच्या भाषेत बॅकअप. त्या वह्या १९७१ मध्ये अधिकाऱ्यांनी पळवल्या आणि २००४ मध्ये एका माजी पोलिसाने परत आणून दिल्या. १९६९ मध्ये, विनीही अटकेत असताना, त्यांनी आपल्या दोन लहान मुलींना लिहिलेलं पत्र मुलींपर्यंत पोचलंच नव्हतं. विचार करा, आई आत, वडील आत, आणि मुलींना वाटत असणार की वडिलांनी काही लिहिलंच नाही. पत्र अडवण्यात नुसता मजकूर अडत नाही. समोरच्याला तुमचं मौन ऐकू येतं, जे मौन तुम्ही धरलेलंच नसतं.

परत महाराष्ट्रात येऊ. मी म्हटलं की आपल्याकडे एकाच बाजूचा लॉग आहे. याला एक सुंदर अपवाद आहे, आणि तो आणीबाणीतला आहे.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूमध्ये काही खासदारांना अटक झाली. ते संसदीय समितीच्या कामासाठी तिथे गेले होते. त्यात वाजपेयी होते, अडवाणी होते, श्यामनंदन मिश्र होते आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. दंडवते मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजचे. पुढच्याच महिन्यात त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनाही अटक झाली. त्या राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या, समाजवादी चळवळीत मुरलेल्या. त्यांना येरवड्यात ठेवलं. नवरा बंगळुरूच्या तुरुंगात, बायको पुण्याच्या, मध्ये आठशेहून जास्त किलोमीटर. हे जवळजवळ दीड वर्षं चाललं.

या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलं. थोडंथोडकं नाही, दोनशेच्या आसपास पत्रं. यातलं प्रत्येक पत्र एकाच वेळी तुरुंगातून बाहेर पडलेलं आणि तुरुंगात आत गेलेलं आहे. निघताना एका जेलच्या ऑफिसातून, पोचताना दुसऱ्या जेलच्या. नवरा-बायकोच्या बोलण्यात दोन्ही टोकांना तिसरा माणूस बसलेला. आणि दोघंही एकाच परिस्थितीत असल्यामुळे नेहमीचं नातं इथे मोडतं: एक पराक्रमी आत, एक सोशीक बाहेर, असं काही नाही. इथे कुणी कुणाची सांत्वना करायची? दोघांनी दोघांची. म्हणून मला हा पत्रव्यवहार आपल्या तुरुंग-साहित्यातला फार वेगळा ऐवज वाटतो. त्यात बायकोचा आवाज नवऱ्याच्या उत्तरावरून ओळखावा लागत नाही, तो स्वतःच तिथे आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या, कोकण रेल्वेचा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. प्रमिलाताई १९८० मध्ये मुंबईतून खासदार झाल्या, हुंडाबंदीचा कायदा कडक व्हावा म्हणून झगडल्या. पण मला सारखं वाटतं की ही दोन माणसं दीड वर्षांनी बाहेर आली तेव्हा खचलेली नव्हती, यात त्या दोनशे कागदांचा हात असणार. हे सिद्ध करता येणार नाही, माझं मत म्हणून घ्या.

कायद्याची बाजू थोडक्यात. तुरुंगाच्या भिंतीतून कागद जाऊ द्यायचा की नाही, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयातलं एक महत्त्वाचं प्रकरण चक्क मराठी विज्ञान-पुस्तकावरून झालं. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. त्यांनी आत बसून 'अणूच्या अंतरंगात' हे पुस्तक लिहिलं आणि छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकार नाही म्हणालं. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नियमांत जी बंधनं लिहिलेलीच नाहीत ती घालता येणार नाहीत, हस्तलिखित जाऊ द्या. नंतर तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. एका साध्या पत्रात एवढी ताकद असते.

पण बहुतेक पत्रांकडून कुणी एवढी अपेक्षा करत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५.७३ लाख माणसं होती आणि त्यातली सुमारे ४.३४ लाख कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा खटला अजून संपलेला नाही. यातली बहुतेक माणसं टिळक नाहीत, दंडवते नाहीत. त्यांच्या घरी पत्र लिहिणं राहून जातं. लाज असते, राग असतो, "काय लिहू?" हा प्रश्न असतो. आता व्हिडिओवरची मुलाखतही आहे, तीही चांगलीच. पण ती ठरल्या मिनिटाला संपते. पत्र उशाखाली राहतं, रात्री परत वाचता येतं.

काय लिहावं, याचं उत्तर मला या सगळ्या इतिहासात एकच दिसतं: साधं. पाऊस पडला का, शेजारच्यांनी घर रंगवलं का, आईचा गुडघा कसा आहे, पोराने गणितात किती मार्क मिळवले. आतल्या माणसाकडे खटल्याचा विचार करायला दिवसभर वेळ असतो. बाहेरचा दिवस कसा गेला, हे मात्र त्याला दुसरं कुणी सांगू शकत नाही. पाकिटावर पूर्ण नाव, कैदी क्रमांक माहीत असेल तर तो, आणि तुरुंगाचा पत्ता. पत्र उघडून वाचलं जाणार हे धरूनच लिहायचं. आणि शेवटी तारीख घालायची.

तारखेवरून एक विनंती. बेचाळीसची चळवळ, गोव्याचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्र, आणीबाणी, या सगळ्यांत हजारो साधी मराठी माणसं आत जाऊन आली. त्यातल्या कुणाला तरी घरून गेलेली पत्रं सुटताना पिशवीत परत आली असतील, आणि आज ती तुमच्या गावच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. घर आवरताना ती रद्दीत जाऊ देऊ नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचा आणि जेलच्या शिक्क्याचाही काढा. आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला आत्ताच विचारून घ्या की हे अक्षर कुणाचं. अक्षर ओळखणारं माणूस गेलं की कागद उरतो, पण लिहिणारी पुन्हा हरवते.

तुमच्याकडे असं काही सापडलं तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.