मास्टर रामचंद्र आणि न निघणारे वर्गमूळ

कोणतीही क्रिया उलटी फिरवून मूळ संख्येपर्यंत परत जाता येते का, हा प्रश्न भारतीय गणितात जुना आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) त्यासाठी विलोमविधी दिला आहे. शेवटच्या उत्तरापासून मागे चालायचे. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ घ्यायचे. उदाहरणार्थ, एका संख्येत 4 मिळवले, बेरजेचा वर्ग केला, त्यातून 19 वजा केले, तर 102 उरले. उलट चाललो, की 102 चे 121 होतात, 121 चे 11 आणि 11 चे 7.

पण येथे एक पायरी आपण गुपचूप ओलांडली. 121 चे वर्गमूळ −11 सुद्धा आहे, आणि मग मूळ संख्या −15 निघते. बेरीज उलटवताना असे होत नाही; वर्ग उलटवताना होते, कारण धन आणि ऋण दोहोंचा वर्ग धनच येतो. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त हे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्यातूनच पुढचे विधानही काढले आहे: ऋण संख्या कोणाचाच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही. आजच्या विद्यार्थ्याला काल्पनिक संख्या माहीत असतात, त्यामुळे हे विधान त्याला अपुरे वाटते. वास्तव संख्यांपुरते ते अचूक आहे. सातशे वर्षांनी दिल्लीतल्या एका शिक्षकाने या ‘नाही’लाच कामाला लावले.

रामचंद्र यांचा जन्म 1821 मध्ये पानिपतला झाला. 1844 पासून ते दिल्ली कॉलेजच्या प्राच्य विभागात विज्ञान शिकवत. अजमेरी गेटजवळच्या गाजिउद्दीन मदरशात 1825 साली सुरू झालेल्या या कॉलेजात पाश्चात्त्य गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले जाई, आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकांची भाषांतरे होत. रामचंद्र यांनी उर्दू नियतकालिकेही चालवली. 1850 मध्ये त्यांनी कलकत्त्याला स्वखर्चाने एक इंग्रजी पुस्तक छापले. विषय होता महत्तम आणि न्यूनतम मूल्ये, म्हणजे आपण आज विकलन काढून सोडवतो तो प्रकार. पण पुस्तकात कलनशास्त्राला हात न लावता सगळे बीजगणिताने केले होते.

पद्धत सोप्या उदाहरणात पाहू. 10 चे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा होईल. एक भाग x, दुसरा 10 − x. गुणाकाराला r म्हणू. मग x² − 10x + r = 0, आणि वर्ग पूर्ण केल्यावर x = 5 ± √(25 − r). r = 21 घेतले तर x = 3 किंवा 7. r = 24 घेतले तर 4 किंवा 6. r वाढवत नेला तशी दोन्ही उत्तरे एकमेकांकडे सरकतात आणि r = 25 ला एकत्र येतात. त्यापुढे मुळाखाली ऋण संख्या येते आणि वास्तव x मिळतच नाही. म्हणून सर्वांत मोठा गुणाकार 25, आणि दोन्ही भाग 5.

येथे काय झाले ते नीट लक्षात घ्यावे. x वरून r काढणे ही सुलट क्रिया. R वरून x काढणे ही व्यस्त क्रिया. प्रश्न सुलट क्रियेविषयी होता, पण उत्तर मिळाले ते व्यस्त क्रिया जिथे थांबते तिथे. दहावीत ‘विवेचक शून्य असेल तर मुळे समान’ हा नियम पाठ करून घेतात. तो कशासाठी उपयोगी पडतो हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वरच्या घातांची समीकरणे आली की ही वाट किचकट होते आणि विकलन सोपे पडते, हेही खरे.

बेथ्यून यांच्यामार्फत हे पुस्तक लंडनला ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडले. स्वतः मदुराईत जन्मलेल्या या गणितज्ञाला त्यात भारतीय बीजगणिताची परंपरा पुन्हा जिवंत होताना दिसली. त्यांच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी पुस्तक पुन्हा छापायचे ठरवले आणि 1859 मध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह ते लंडनला निघाले. डी मॉर्गन यांच्या कौतुकात थोडा राज्यकर्त्याचा सूर आहे. एतद्देशीय बुद्धीला स्वतःच्या परंपरेतून वर आणावे, असा तो विचार होता. रामचंद्र यांना मात्र आपल्या वर्गातल्या मुलांना परिचित साधनांनी नवे गणित शिकवायचे होते. दोन्ही हेतू एका पुस्तकात मावले.

या दोन आवृत्त्यांच्या मध्ये 1857 येऊन गेले. दिल्ली कॉलेजचे प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले. 1852 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रामचंद्र यांना जीव वाचवण्यासाठी शहर सोडावे लागले. लंडनची आवृत्ती निघाली तेव्हा, ज्या वर्गासाठी ही पद्धत रचली होती तो दिल्लीत उरला नव्हता.