देवळाच्या नावाची शाळा

राळेगणसिद्धी हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातले, पुणे-नगर रस्त्यावरच्या वाडेगव्हाण फाट्यावरून थोडे आत असलेले गाव. तालुका अवर्षणप्रवण, जमीन हलकी आणि चढउताराची. पाणलोटाच्या कामांमुळे गाव देशभर माहीत झाले, पण त्या कामांना माणसे तयार करणाऱ्या शिक्षणाचा इतिहास त्यामानाने कमी सांगितला जातो. तो सुरू होतो संत यादवबाबांच्या देवळापासून, आणि पुढे ज्या संस्थेत तो स्थिरावला तिला नावही त्या संतांचेच आहे.

गावातली पहिली रीतसर शाळा 1932 सालची, एका खोलीची आणि प्राथमिकच. 1962 मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने तिला खोल्या जोडल्या. पण 1971 मध्ये बाराशेच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात साक्षर पुरुष होते 290 आणि साक्षर स्त्रिया 72. दुसऱ्या आकड्याचे कारण सरळ होते. पुढे शिकायचे तर शिरूर किंवा पारनेर गाठावे लागे. मुलगे जात, मुलींना कोणी पाठवत नसे. प्राथमिक शाळा संपली की मुलीचे शिक्षणही संपले.

त्याच सुमारास गावाची अवस्था बिकट होती. विहिरी आटत, पिके हातची जात, पुष्कळ घरांत वर्षभर पुरेल एवढे धान्य नसे. तीसचाळीस हातभट्ट्या हाच तेवढा तेजीतला धंदा. भट्टीला लागणाऱ्या सरपणासाठी यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा काढून नेले गेले होते. ज्या गावाने आपल्याच संताच्या देवळाचे लाकूड दारूखाली जाळले, त्याची परिस्थिती सांगायला आणखी आकडेवारीची गरज नाही.

1975 मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे गावात परतले. जन्म 1937 चा, भिंगारचा. शिक्षण मुंबईत सातवीपर्यंत, मग दादरला फुलांचा धंदा, मग सैन्यात ट्रकचालक. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात ते मरता मरता वाचले होते. गावात आल्यावर त्यांनी बंधाऱ्याला किंवा विहिरीला हात घातला नाही. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून त्यांनी पडझड झालेल्या देवळाची दुरुस्ती काढली आणि देवळालगतच्या छोट्या खोलीत मुक्काम केला. स्वतःचे पैसे घालून हा माणूस गावाचे काम करतो आहे, हे दिसल्यावर आधी म्हातारी माणसे आणि मग तरुण हाताशी आले. तरुण मंडळ उभे राहिले ते इथेच.

पुढची काही वर्षे देऊळ हीच गावाची शाळा होती. ग्रामसभा तिथे, तंटे तिथे, दारू सोडल्याच्या शपथाही तिथेच. देवासमोर घेतलेला शब्द मोडायला माणूस कचरतो, हे ओळखून ती जागा निवडली होती. त्या शिक्षणाला एक कठोर बाजूही होती. समजावूनही न ऐकणाऱ्या दारुड्यांना खांबाला बांधून सैनिकी पट्ट्याने मारल्याच्या गोष्टी अण्णांनी स्वतः लपवलेल्या नाहीत. आई आजारी लेकराला कडू औषध पाजते तसे ते होते, हे त्यांचे समर्थन अभ्यासकांनी मान्य केलेले नाही आणि ते मान्य करण्यासारखेही नाही. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाच्या अंगवळणी पडली, तिच्यामागे भजन, ग्रामसभा आणि धाक असे तिन्ही होते. पाण्याचे शिक्षण त्यामानाने सौम्य ठरले. गळका पाझर तलाव दुरुस्त झाला, त्याच्या खालच्या विहिरींना पाणी आले, आणि नालाबांध कशासाठी घालायचे हे गावाने डोळ्यांनी पाहिले.

रीतसर शिक्षणाकडे गाव या घडामोडींच्या मधोमध वळले. 1976 मध्ये बालवाडी निघाली. 1979 मध्ये माध्यमिक शाळा सुरू झाली आणि ती चालवण्यासाठी संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली. शाळेची सरकारी मान्यता मात्र लांबत गेली. तेव्हा 1980 मध्ये अण्णा उपोषणाला बसले आणि दिवसभरातच मान्यतेचा प्रश्न सुटला. पुढे दिल्लीपर्यंत गाजलेल्या उपोषणांची सुरुवात गावातल्या हायस्कुलासाठी झाली होती, हे 2011 च्या लोकपाल आंदोलनाच्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल.

इमारतीसाठी शासनाचे 4 लाख रुपयांचे अनुदान मिळाले. मजुरीचा मोठा भाग गावाने श्रमदानातून उचलला आणि शाळा दोन महिन्यांत उभी राहिली. 1982 मध्ये गावातली पहिली मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. मुलींना शिकवू नये असे गावाचे ठाम मत होते असे नाही. अडसर अंतराचा होता, आणि शाळा दारात येताच तो गेला.

शाळेला जोडून गरीब घरांतल्या सुमारे 200 मुलांसाठी वसतिगृह बांधले गेले. वसतिगृहातून बहुजनांचे शिक्षण ही महाराष्ट्रातली जुनी रीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, त्याला 1927 मध्ये गांधीजींनी भेट दिली. राळेगणने या रीतीत स्वतःची एक भर घातली. इतर शाळा गुणवत्ता यादीकडे पाहून प्रवेश देत असताना इथे नापास झालेल्या आणि वाया गेला म्हणून घरच्यांनी सोडून दिलेल्या मुलांना आधी जागा दिली गेली. हुशार मुलाला कोणीही घेते, याला कोण घेणार, असा त्यामागचा साधा हिशेब. पहाटे उठणे, व्यायाम, झाडांची निगा आणि अभ्यास, अशी दिवसाची आखणी. सातवीपर्यंत शिकलेल्या माजी सैनिकाच्या पुढाकाराने निघालेल्या शाळेत शिस्त लष्करी असावी यात नवल नाही.

अण्णांना 1990 मध्ये पद्मश्री आणि 1992 मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच काळात राळेगणच्या अनुभवावर राज्याची आदर्श गाव योजना आखली गेली. नालाबांध, धान्य बँक, सामुदायिक विवाह पाहायला लोक येऊ लागले. एवढी कीर्ती होऊनही शिक्षण संस्थेच्या पाटीवर नाव राहिले ते यादवबाबांचेच. जानेवारी 2019 मध्ये लोकपालाच्या मागणीसाठी अण्णा पुन्हा उपोषणाला बसले ते याच देवळात. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी गावात येऊन चर्चा केल्यावर सातव्या दिवशी, 5 फेब्रुवारीला, उपोषण सुटले.