फाटक, पंप आणि फियाट

मुंबईच्या निवासी इमारतींत राखणदारी आणि मोटारीची रोजची निगा ही दोन्ही कामे सुमारे अर्धशतक एकाच माणसाकडे होती. तो माणूस म्हणजे इमारतीचा वॉचमन. सोसायटीच्या वहीत त्याच्या नावापुढे फक्त राखणदारीचा पगार लागे. गाड्या पुसण्याचे पैसे ज्याचे त्याने परस्पर द्यायचे. या परस्पर मिळणाऱ्या पैशांच्या भरवशावरच सोसायट्यांनी पगार वर्षानुवर्षे तुटपुंजा ठेवला. शहरातल्या इमारतींची सुरक्षा स्वस्त का राहिली, याचे निम्मे उत्तर त्या बादली-फडक्यात आहे.

महाराष्ट्रात पगारी राखणदार नवा नव्हता. गावगाड्यात वेशीची जबाबदारी वेसकराकडे असे आणि रात्रीची गस्त जागल्याकडे. गावात चोरी झाली तर राखणदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जाई, आणि मागच लागला नाही तर भरपाईचा बोजा राखणदारावर आणि गावावर येई. पुणे प्रांतात हे काम बहुतकरून रामोश्यांकडे होते. पुरंदरच्या परिसरातले त्यांचे हक्क इंग्रजांनी मोडीत काढले, त्यातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिले गेले. पुढे त्याच इंग्रजांच्या बंगल्यांवर पगारी रामोशी रखवालदार ठेवण्याची रीत पडली. सरकारदरबारी ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारायचा, तिच्याच माणसाच्या भरवशावर रात्री निर्धास्त झोपायचे, असा तो व्यवहार होता. पेशवाईतल्या वाड्याची व्यवस्था निराळी होती. मोठा दरवाजा रात्री बंद होई, ये-जा दिंडीतून चाले आणि आत देवडीवर पहारेकरी बसत. दिंडीतून वाकूनच आत यावे लागत असल्याने येणारा प्रत्येक जण आपसूक पहारेकऱ्याच्या नजरेखालून जाई.

गिरगाव-परळच्या चाळीला राखणदार लागला नाही. समाईक गॅलरी, दिवसभर उघडी दारे आणि जिन्यात बसलेली माणसे असताना अनोळखी पाऊल वाजले की ‘कोण पाहिजे?’ हा प्रश्न चार खोल्यांतून एकदमच येई. घरात चोरण्याजोगे फारसे नसे, हेही खरे. पहारा लागे तो गोदी, गोदामे, गिरण्या आणि पेढ्यांना. तिथे पठाण आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले भय्ये दरवान म्हणून उभे असत.

दार लावून घेण्याची सवय फ्लॅटबरोबर आली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतींची सुरुवात झाली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तिच्यापासून धरतात. श्रीपाद सुब्राव तालमकी या चळवळीचे अध्वर्यू होते आणि ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोटारही याच काळातली. मुंबईत ती १८९८ च्या सुमारास दिसू लागली आणि पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यानंतर मोटार डॉक्टर-वकिलांच्या आवाक्यात आली. १९३० नंतर ओव्हल आणि मरीन ड्राइव्हवर फ्लॅटच्या ज्या इमारती उठल्या त्यांच्यातल्या कित्येकांच्या मागच्या अंगाला गॅरेजची रांग होती. गाडी धुण्याचे, तेलपाणी बघण्याचे काम तिथे पगारी ड्रायव्हर किंवा क्लीनर करी, आणि दरवान दारावर उभा राही. म्हणजे श्रीमंतांच्या इमारतीत ही दोन कामे आरंभापासून वेगळीच होती. ती एकत्र केली मध्यमवर्गाने.

फाळणीनंतर पठाण दिसेनासा झाला. दारावर भय्या राहिला आणि त्याच्या जोडीला नेपाळी माणूस आला. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची आणि कामधंदा करण्याची मोकळीक मिळाली. गुरखा पलटणींचा दरारा सगळ्यांना ठाऊक होता. त्या दराऱ्याचा फायदा पलटणीशी काडीचा संबंध नसलेल्या पहाडी पोरालाही झाला आणि लोकांच्या तोंडी प्रत्येक नेपाळी राखणदार ‘गुरखा’ ठरला. पुण्या-नाशकाकडे तो गल्लीचा गुरखा होता. रात्री शिट्टी मारत, विजेच्या खांबावर दंडुका आपटत फिरायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला घरोघरी पैसे गोळा करायचा. मुंबईत त्याला जिन्याखालची खोली मिळाली, निदान पंपाशेजारी पथारी तरी. नोकरी एकाची असली तरी जागा घराण्याची असे. गावी जाताना तो भाऊ नाहीतर पुतण्या बदलीवर ठेवून जाई आणि सोसायटीला नवा चेहरा पाहूनच बदलीची खबर लागे.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा आणि मालकी फ्लॅटांचा कायदा १९६३ चा. या दोहोंनंतर उपनगरांत सोसायट्यांचे पेव फुटले. तीन-चार मजले, वीसेक बिऱ्हाडे, कुंपणाची भिंत आणि एक लोखंडी फाटक. या सोसायटीला वॉचमन हवा होता तो आधी पाण्यासाठी. महापालिकेचे पाणी ठराविक वेळी येई आणि ते जमिनीखालच्या टाकीत साठवून गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागे. पंप वेळेवर चालू करायचा आणि टाकी वाहू लागायच्या आत बंद करायचा, हे कामच असे होते की त्यात एका दिवसाचीही हयगय चालत नसे. चोर वर्षात एखादा येईल. पाणी चढले नाही तर सकाळी सातला सेक्रेटरीच्या दारात वीस माणसे उभी.

पंपामुळे वॉचमन पहाटे जागा असे आणि पाणी त्याच्याच हाताशी असे. गाड्या त्याच्याकडे आल्या त्या अशा. त्या गाड्या बहुतेक फियाट होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९५९ च्या आदेशाने मोटारींच्या विक्रीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण आले. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. हाती आलेली गाडी त्यामुळे दहा-पंधरा वर्षे टिकवणे भागच होते. १९७४ मध्ये तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, तरी मुंबईकरांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले.

या गाडीला रोज हात लावावा लागे. १०८९ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर आणि स्टिअरिंगखालचा गिअर अशी तिची रचना साधी होती. पण साधी म्हणजे बिनतक्रार नव्हे. रेडिएटरचे पाणी सकाळी बघायचे आणि तेही इंजिन थंड असतानाच. गरम इंजिनावर झाकण फिरवले की वाफेचा फवारा थेट हातावर येई. डिपस्टिक ओढून, फडक्याने पुसून, पुन्हा घालून ऑइलची पातळी पाहायची. बॅटरीच्या सहा टोपणांतून डिस्टिल्ड वॉटर भरायचे आणि टर्मिनलवर चढलेला पांढरट-हिरवा थर गरम पाण्याने काढायचा. प्लगवरची काजळी घासायची. पॉइंट काळे पडले की त्यांच्यावर सँडपेपर मारायचा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली दमट हवा शिरे आणि चोक ओढून-ओढून गाडी ‘फ्लड’ होई. अशा वेळी झाकण उघडून आतून कोरडे पुसण्याची अक्कल ज्या वॉचमनला असे त्याची किंमत सबंध इमारतीला कळे. तेवढ्याने भागले नाही की हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचे. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वेढा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. हे पुस्तकात वाचून कोणी शिकले नाही. एका वॉचमनने दुसऱ्याला दाखवले. शेवटचा उपाय धक्क्याचा: मालक आत, दुसऱ्या गिअरवर, क्लच दाबून, आणि मागे वॉचमनसह शाळेला निघालेली पोरे.

धुण्याची पद्धतही ठरलेली होती. आधी कोरडी धूळ पिसांच्या झटकणीने उडवायची, मग टपापासून खाली ओले फडके मारायचे, चाके सगळ्यांत शेवटी. पहिल्यांदा चाके पुसली की त्या फडक्यातली रेती बॉनेटवर ओरखडे काढते. धुऊन झाले की दोन्ही वायपर काचेपासून उचलून उभे ठेवायचे. त्याने रबर वाळते आणि मालकाला वरच्या खिडकीतूनच कळते की गाडी झाली आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत फियाटचा पत्रा खालून सडे आणि पायाखाली भोक पडून रस्ता दिसू लागे. तो आजार मात्र वॉचमनच्या हातचा नव्हता. त्यासाठी टिंकरिंगवाल्याकडे पॅच मारायला जावे लागे आणि सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस, कुर्ला नाहीतर चोरबाजार गाठावा लागे.

गाड्या वाढल्या तशी अंगणात दाटी झाली. एकामागे एक गाडी लावायची, हँडब्रेक न ओढता न्यूट्रलमध्ये सोडायची आणि वॉचमनने ती ढकलून वाट करून द्यायची, ही मुंबईतली रीत. किल्ल्या त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या असत. ज्याला महिनाअखेरीस उसने मागावे लागत त्याच्या ताब्यात इमारतीतल्या सर्वांत महागड्या वस्तू होत्या, आणि या विश्वासाचा त्याच्या पगारावर कधी परिणाम झाला नाही. पुढे तळमजल्याच्या जागी नुसते खांब ठेवून त्याखाली गाड्या लावण्याची स्टिल्टची पद्धत रुळली. चटईक्षेत्रात ती जागा धरली जात नसल्याने बिल्डरला सोयीची होती. पार्किंग वेगळे विकण्याची चाल त्यातूनच पडली. दहिसरच्या पांचाली सोसायटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल लागला: उघडी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती सोसायटीच्या समाईक मालकीची आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिला हँडल नव्हते आणि रोज सकाळी पाणी विचारण्याची सवयही नव्हती. नंतरच्या वर्षांत पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या, ट्यूबलेस टायर आले आणि २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. बॉनेटखालचे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गेले. वॉचमनकडे उरले ते फक्त पुसणे.

दुसरीकडे राखणदारीला कायदा लागला. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये जे मंडळ-पद्धतीचे सूत्र वापरले होते तेच महाराष्ट्राने १९८१ च्या खासगी सुरक्षारक्षक कायद्यात वापरले. मालकाने पगार आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने रक्षकाला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी द्यायची. रक्षक पुरवणारे एजन्सीवाले मधल्यामध्ये खात होते, त्यावर हा उतारा होता. तरतूद चांगली, पण सोसायट्यांनी हिशेब केला आणि बहुतेकींनी मंडळाऐवजी स्वस्त एजन्सीच पत्करली. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या हा त्याच स्वस्ताईचा भाग.

१२ मार्च १९९३ ला मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले त्यांत गाड्या आणि स्कूटर वापरल्या गेल्या. शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला तो तळघरातल्या पार्किंगमध्ये. त्यानंतर अनोळखी गाडी फाटकावर अडवून क्रमांक लिहून घेणे सुरू झाले आणि व्हिजिटर बुक घरगुती सोसायट्यांतही आले. २०१२ मध्ये वडाळ्याच्या एका इमारतीत पहारेकऱ्यानेच रहिवासी तरुणीचा खून केला, तेव्हा पोलीस पडताळणीची मागणी जोर धरू लागली. कायदा तोवर झालेला होता. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण सक्तीचे केले. त्याखालच्या २००६ च्या नमुना नियमांत वर्गातले १०० तास आणि प्रत्यक्ष कामाचे ६० तास सांगितले होते. अभ्यासक्रमात अपार्टमेंटची सुरक्षा होती, आग विझवणे, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी आणि स्फोटके ओळखणेही होते. पुरुष उमेदवाराने एक किलोमीटर सहा मिनिटांत धावावे, अशीही अट होती. गणवेशातला रक्षक बादली घेऊन दिसला तर एजन्सी त्याला ठेवत नाही, त्यामुळे एकत्र असलेले दोन धंदे इथे तुटले.

गाड्या पुसायला आता वेगळी पोरे येतात आणि एकेक पोरगा चार-पाच इमारती पहाटेपासून आटपतो. फाटकावर कॅमेरे आहेत, पंपाला आपोआप बंद होणारा स्विच आहे आणि पाहुण्याची नोंद मायगेटसारख्या मोबाइल ॲपवर होते; हे ॲप २०१६ मध्ये बंगळूरला सुरू झाले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. दादर-माहीमच्या जुन्या तीनमजली सोसायट्यांत मात्र एकच वॉचमन पंप, फाटक आणि गाड्या तिन्ही सांभाळताना अजून सापडतो. सुरक्षारक्षकाला किमान कागदावर मंडळ, परवाना आणि प्रशिक्षण मिळाले. गाडी पुसणाऱ्यासाठी वेगळा कायदा नाही. त्याचा दर पूर्वीसारखाच गाडीमागे, महिन्याला आणि तोंडी ठरतो.