सूट आणि घट: इंदापूरच्या आकारणीतील एक क्रियापद

'रिड्यूस' या इंग्रजी क्रियापदाला मराठीत 'कमी करणे' हा प्रतिशब्द चटकन सुचतो. परंतु ते नेमके वापरताना अडचण येते ती एखादी रक्कम चारने कमी केली की चारवर आणली, हे वेगळे ठेवण्याची. इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात कमी करण्याच्या तऱ्हांमधला फरक शेतकऱ्याच्या घरादाराशी भिडलेला होता.

रॉबर्ट कीथ प्रिंगल यांच्या आकारणीत, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या साऱ्याच्या दरांत, खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारचा धरला होता. सिद्धांत रेखीव असला तरी मोजणीत चुका होत्या, आणि पावसाची शाश्वती नसलेल्या या तालुक्याला ते दर पेलले नाहीत. जमिनी पडीक पडल्या, बाकी साचत गेली. त्यावर सरकारचा उपाय सूट किंवा तहकुबी देण्याचा होता. सूट म्हणजे त्या सालापुरती माफी, तर तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. दोहोंत मूळ आकार जागचा हलत नाही, त्यामुळे पुढच्या साली काय भरावे लागेल याचा अंदाज कुणब्याला बांधता येत नसे, आणि हीच खरी जाचक गोष्ट होती.

हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरात मूळ आकारच उतरवला व तो ३० वर्षांसाठी कायम केला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्क्या झालेल्या पद्धतीत मातीची खोली व पोत पाहून जमिनीची प्रत आण्यांत मांडली जाई, आणि चुनखडी, वाळू, उतार अशा एकेका दोषामागे ती एकेक पायरी खाली येई. सोळा आण्यांच्या खोल काळ्या जमिनीत दोन दोष निघाले, की ती बारा आण्यांवर येई: चारने कमी, बारावर आणलेली.

मुदत सरल्यावर, कापसाच्या तेजीने भाव चढलेले असताना, इंदापूरचे दर पुन्हा वाढवण्यात आले. भाव मात्र टिकले नाहीत. तक्रारी वाढल्यावर सरकारने १८७४ मध्ये वाढीला मर्यादा घातली: तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६ टक्के, एकेका खात्याला १०० टक्के. ती केवळ कितीने वाढवावे हे सांगत होती. कितीवर थांबावे, हे तिच्यात नव्हते.