जयभीम कॉम्रेड : चौदा वर्षांचा माहितीपट

आनंद पटवर्धन यांचा ‘जयभीम कॉम्रेड’ (2011) हा तीन तासांहून मोठा माहितीपट आहे. चित्रीकरणाला चौदा वर्षे लागली.

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळे फडके बांधून गळफास घेतला. घोगरे डाव्या चळवळीचे गायक. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या झोपडपट्टीवरच्या माहितीपटात ते गायले होते. ती ओळख होती म्हणूनच कॅमेरा रमाबाई नगरात पोहोचला.

या माहितीपटात निवेदकाचे लांबलचक भाषण नाही. कथा गाण्यांतून पुढे सरकते. क्रांतीच्या घोषणा आहेत, पण त्यांच्या शेजारी डम्पिंग ग्राउंडवर कचरा उपसणारे कामगार, घरातल्या बाया, गल्लीतला गायनाचा कार्यक्रमही आहे. आम्हाला ही बाजू जास्त मोलाची वाटते. 6 डिसेंबरच्या गर्दीला नाके मुरडणारे शहरी लोकही यात बोलतात. बडनेरा, अकोला स्टेशनांवरून चैत्यभूमीला निघणाऱ्या आपल्या मंडळींनी ते जरूर ऐकावे. (तीन तास बसवत नसेल तर दोन बैठकींत पाहा, पण पाहा.)

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. गुंडेवार आयोगाने ते मानले नाही. टँकर नेमके कुठे होते, चित्रीकरण केव्हाचे, हे प्रश्न माहितीपट पुन्हा उकरतो. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना 2009 मध्ये जन्मठेप झाली. पुढे जामीनही मिळाला.

शेवटाकडे खैरलांजी येते आणि पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण शाहीर येतात. 2011 मध्ये मंचावर नक्षलवादाचा आरोप झाला, कलावंतांना भूमिगत व्हावे लागले.

खैरलांजीच्या निषेधात नोव्हेंबर 2006 मध्ये अमरावतीतही पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक गेला. त्या दिवसांची कॅसेट, सीडी, फोटो वऱ्हाडात ज्यांच्या घरी असतील त्यांनी पेटी उघडून पाहावी. कॅसेटला बुरशी लागते, सीडीही खराब होते. आधी दोन प्रती काढा. प्रत्येकीवर तारीख, चौक आणि कुणी काढले ते लिहा. टँकरचा वाद त्याच नोंदींवर अडला होता.